मॉडेल शिडबोटीसाठी तारेचा ताणमापक

नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या भंगारात मिळणारी ३ मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घ्या. १०० मिमी अंतरावर दोन गुळगुळीत पिना बसवा. मधोमध, त्यांच्या रेषेपासून २ मिमी आत, तिसरी. डोलकाठीला धरणारी तार बाहेरच्या पिनांना टेकवून ५०० ग्रॅमच्या ताणकाट्याने (स्प्रिंगच्या वजनकाट्याने) मधल्या पिनेपर्यंत ओढा. तार टेकताक्षणी आकडा वाचा.

२ किलो ताणाला काटा साधारण १६० ग्रॅम दाखवतो. तरी हिशेबावर विसंबू नका. बोटीचीच तार छताच्या हुकाला टांगून खाली पाण्याची बाटली बांधा (बाटलीसकट वजन करून), त्या तारेला मापक लावून काट्यावर १, २, ३ किलोच्या खुणा करा. तार बदलली की खुणाही नव्या.

तार ५ मिमी ओढायचा मोह टाळा: आखूड तारेत मोजणीनेच ताण वाढतो. गंगापूर धरणावर डोलकाठीच्या दोन्ही बाजूंच्या तारा लागोपाठ मोजा.