नॉर्वे-बोट्सवाना तुलना करताय? आधी हिरे शोधा

एमएच्या प्रबंधासाठी दोन देशांची 'समायोजित निव्वळ बचत' (निसर्गाची झीज वजा करून उरलेली देशाची खरी बचत) ताडून बघणार असाल तर सूत्र तुम्हाला पाठ असेलच. राष्ट्रीय बचतीतून घसारा वजा, शिक्षणावरचा चालू खर्च अधिक, मग ऊर्जासाधनं, खनिजं, जंगल यांची झीज आणि प्रदूषणाचं नुकसान वजा. जागतिक बँक हे सगळं आयतं देते, आणि तिथेच माणूस गाफील होतो.

मी नॉर्वे आणि बोट्सवाना घेतले. एकाकडे तेल, दुसऱ्याकडे हिरे, आणि दोघांनीही जमिनीतला पैसा उधळला नाही. बोट्सवानाचा पुला फंड, म्हणजे हिऱ्यांच्या कमाईतून साठवलेला निधी, 1994 चा, नॉर्वेच्या तेलनिधीत पहिली रक्कम 1996 मध्ये पडली. खनिजाची कमाई खाऊ नका, दुसऱ्या भांडवलात घाला, हा अर्थतज्ज्ञ हार्टविकचा 1977 चा नियम तपासायला याहून चांगली जोडी मला तरी दिसत नाही.

आता खड्डा कुठे आहे ते सांगतो. बँकेच्या खनिज-झीजेत मोजकी खनिजं आहेत: कथील, सोनं, शिसं, जस्त, लोह, तांबं, निकेल, चांदी, बॉक्साइट, फॉस्फेट. यादी पुन्हा वाचा. हिरा नाही! ओरापा आणि जवानेंगच्या हिऱ्यांच्या खाणींवर अख्खा बोट्सवाना उभा राहिला, पण तिथून उपसलेला एक कॅरेटही वजा होत नाही. हिरे विकून आलेल्या पैशातली बचत मात्र वरच्या ओळीत पुरेपूर धरलेली. म्हणजे वावर विकायचं आणि त्याला यंदाची शिल्लक म्हणायचं. नॉर्वेचं तेल दरवर्षी इमानेइतबारे कापलं जातं, त्यामुळे ही तुलना मुळातच तिरकी आहे.

बरं, बोट्सवानाचा खनिज-झीजेचा कॉलम रिकामाही नसतो. तिथली सेलेबी-फिक्वेची तांबं-निकेलची खाण 2016 मध्ये बंद पडली. तोवरच्या वर्षांत तिचा आकडा तिथे येतो. कोरी चौकट दिसली असती तर कुणीही थबकलं असतं. गोव्याचं लोहखनिज भारताच्या झीजेत धरलं जातं, जवानेंगचा हिरा कुठेच नाही. तांब्याला जगभर एक भाव असतो, हिऱ्याची किंमत खड्यागणिक बदलते, म्हणून ही अडचण.

गाईडच्या भरवशावर राहू नका. माझ्या गाईडनी आलेख बघून मान डोलावली आणि पुढच्या विद्यार्थ्याला बोलावलं. 'दहा मिनिटांत डेटा' शिकवणारे व्हिडिओही मला फसवेच वाटतात, ते डाउनलोडचं बटण दाखवतात आणि मेटाडेटा, म्हणजे आकड्यात काय धरलंय आणि काय नाही ते सांगणारी टीप, टाळतात.

पण विषय बदलायची गरज नाही, खरंच. बोट्सवानाने जागतिक बँकेच्या 'वेव्हज्' या नैसर्गिक संपत्तीच्या हिशेबाच्या कार्यक्रमात स्वतःच्या खनिजांचे हिशेब मांडले आहेत. त्यातलं खाणींचं रेंट, म्हणजे विक्रीतून काढण्याचा खर्च वजा जाता उरलेली कमाई, घ्या. सगळं रेंट म्हणजे झीज नव्हे, साठा किती वर्षं पुरेल त्यावर ते ठरतं. म्हणून एकदा काहीच न कापता आणि एकदा पूर्ण रेंट कापून, असे दोन आकडे द्या. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये असेल. व्हायवात एवढं धड सांगता आलं तर कुणी अडवत नाही.

बाकी किरकोळ. हवेतल्या सूक्ष्म कणांच्या प्रदूषणाचं नुकसान धरून एक सिरीज आहे, न धरता दुसरी. दोन्ही देशांना एकच लावा. जंगलाच्या कॉलममध्ये शून्य दिसलं तर दचकू नका, तोडीपेक्षा वाढ जास्त असली की शून्यच लिहितात. आणि नॉर्वेने विकलेलं तेल परदेशात जळलं तर त्या कार्बनचं नुकसान जाळणाऱ्याच्या खात्यात जातं. यावर वेगळा परिच्छेद लिहाच, परीक्षक हमखास विचारतात.