कौलारू घराची शाकारणी कशी करावी

मंगलोरी कौल सहसा आपणहून खराब होत नाही. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने 1865 साली मंगळुरात कारखाना काढला, पुढे आणखी कारखाने निघाले आणि ही कौले कोकणभर पोचली. जुन्या घरांवर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली दिसतात. आधी जातात ते खालचे वासे (उतरते लाकडी दांडे) आणि रिपा (त्यांवर आडव्या ठोकलेल्या, कौले पेलणाऱ्या पट्ट्या). एखादे कौल सरकते, पाणी रिपेवर झिरपत राहते, काही पावसाळ्यांत रीप कुजते आणि मग तिच्यावरची अख्खी ओळ बसते. म्हणून शाकारणी, म्हणजे पावसाळ्याआधीची छपराची डागडुजी, करताना कौलांइतकेच लक्ष लाकडाकडे हवे.

मृग 7-8 जूनला लागतो, पण वळवाचा पाऊस त्याची वाट बघत नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत काम उरका. कौले परतणारी जाणती माणसे आता थोडीच उरली आहेत, तेव्हा शिमग्याला गावी गेलात की तेव्हाच सांगून ठेवा.

1. आधी आतून बघा. भर दुपारी दारे-खिडक्या लावून घरात उभे राहा. दोन कौलांच्या सांध्यातून उजेडाची बारीक रेघ दिसली तर बिघडत नाही. जमिनीवर स्वच्छ कवडसा पडला तर मात्र वर फट आहे. त्या जागी वाशावर खडूने खूण करा. गळतीचा डाग असेल तर तो आढ्याच्या, म्हणजे छपराच्या माथ्याच्या, दिशेने कुठवर गेलाय ते शोधा. पाणी वर शिरते, वाशावरून उतरते आणि भलतीकडेच टपकते. टपकते तिथलेच कौल बदलून मोकळे झाले की पुढच्या पावसात पुन्हा बादली लावावी लागते.

2. लाकूड टोचून पाहा. वासे भिंतीवर टेकतात ती जागा आणि वळचणीकडची (छपराच्या खालच्या कडेची) टोके आधी कुजतात. स्क्रू ड्रायव्हर सहज आत शिरला तर लाकूड गेले. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी, खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर किडा. कोकणात वाशांना काजूच्या टरफलांचे तेल लावतात, आणि ते खरोखर उपयोगी आहे. पण अंगाला लागले तर फोड येतात, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घालूनच लावा.

3. चढायचे तर बेताने. एकट्याने नाही, ओल्या कौलांवर नाही, आणि विजेची तार कुठून येते ते बघितल्याशिवाय तर नाहीच. कौलाच्या मध्यावर पाय दिला की ते फुटते. खालच्या कडेला, जिथे दोन कौले एकमेकांवर येतात आणि खाली रीप असते, तिथे पाय ठेवा. पाख्यावर (छपराच्या उतरत्या बाजूवर) आडवी फळी किंवा शिडी टाकून, ती दोरीने आढ्याला बांधली तर फारच उत्तम.

4. कौल बदला. वरच्या ओळीतले कौल थोडे उचला, शेजारचे किंचित हलवा, फुटके कौल वर ढकलून रिपेच्या पकडीतून सोडवा आणि खाली ओढून काढा. नवे उलट क्रमाने बसवा. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. कौलाच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो, तो बघा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांची मापे आणि खाचा थोड्या वेगळ्या असतात, ती एकमेकांत नीट बसत नाहीत. जवळपास कोणी जुने घर उतरवत असेल तर आपल्या छापाची पन्नासेक कौले मागून ठेवा. घेताना बोटाच्या पेराने वाजवा: खणखणीत वाजले तर घ्या, बद्द वाजले तर त्याला तडा आहे. पूर्ण ओळच बसली असेल तर कौले उतरवून रीप बदला. नवी रीप ठोकताना जुन्या रिपांचे अंतर मोजून घ्या, कौल आपोआप बसेल.

5. आढे आणि पन्हळ. आढ्यावरच्या कौलांचा चुना-सिमेंट निघाला असेल तर तेवढेच खरवडून भरा. पाख्यावरची कौले सिमेंटने चिकटवू नका, पुढे एक काढायला चार फोडावी लागतात. वाऱ्याची भीती असेल तर वळचणीच्या ओळी तारेने बांधा. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या कितीतरी घरांवरची कौले-पत्रे उडाले. दोन पाखी आत मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ पालापाचोळ्याने तुंबते आणि पाणी उलटे कौलांखाली शिरते. ती शाकारणीत साफ कराच, आणि श्रावणात एखादी उघडीप बघून पुन्हा एकदा.

6. फांद्या आणि माकडे. छपरावर आलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या छाटा. सावलीने शेवाळ धरते आणि माकडांना वाट मिळते. शेवाळ कोरडे असताना ताठ ब्रशने काढा. जोराच्या फवाऱ्याने धुतले तर पाणी सांध्यांतून आत जाते. माकडांवर खात्रीचा उपाय नाही. जादा कौले हाताशी ठेवणे एवढेच हातात आहे.

कौलांखाली प्लास्टिकचा कागद पसरून गळती थांबवायची सध्या फॅशन आहे. वारा खेळायला जागा न ठेवता तो ताणून ठोकला, तर ओल आतच कोंडते आणि लाकडाला बुरशी येते. एका पावसाळ्यापुरती नड म्हणून चालेल, पण दसऱ्यानंतर काढून टाका.