जुनं नाटक टीव्हीवर लावताना

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' रंगवलं ते आमच्या सांगलीत. त्यामुळं नाटकाचं वेड इथं घरोघरी. पण भर पावसात रात्री थिएटरपर्यंत कोण जाणार? मग यूट्यूब आहेच.

शोधताना नाटकाचं नाव देवनागरीत टाका, पुढं नटाचं नाव आणि 'संपूर्ण नाटक' जोडा. व्हिडिओची लांबी आधी बघा. दहा मिनिटांचा असेल तर तो तुकडा आहे, सोडून द्या.

चित्र चौकोनी दिसलं तर दिसू दे. पडदाभर ताणलं की नट बुटके आणि गालफुगे दिसतात! खरी अडचण आवाजाची. मागच्या रांगेतल्या माइकवर टिपलेले संवाद टीव्हीच्या स्पीकरमधून पुटपुटल्यासारखे येतात. छोटा ब्लूटूथ स्पीकर जोडून तो आजीच्या खुर्चीशेजारी ठेवा. आणि भडंगाची वाटी मध्यंतरातच काढा, नाहीतर कुरकुरण्यात निम्मे विनोद जातात.

सुरुवात पुलंच्या 'वाऱ्यावरची वरात'नं करा. पोरंसुद्धा उठत नाहीत. नंतर विजय चव्हाणांची 'मोरूची मावशी'. 'ती फुलराणी'तलं भक्ती बर्वेंचं स्वगत मात्र तुकडा असला तरी बघाच. जेवताना काही हवं असेल तर दूरदर्शनवरच्या 'चिमणराव'चे मिळतील तेवढे भाग लावा. प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ, ताटातला हात तसाच वाळतो.