मांजराच्या पिल्लाचे बिघडलेले पोट आणि खाण्याचे नखरे

पिल्लू खात नाही म्हणून आज पाऊचमधले ओले खाद्य, उद्या उकडलेले चिकन आणि परवा दूध-पोळी असे प्रयोग घरोघरी चालतात. या बदलांनी पोट बिघडते, पोट बिघडले की पिल्लू आणखी कमी खाते आणि मग कोणीतरी पुन्हा नवे काहीतरी आणून पुढे ठेवते. त्यामुळे जुलाब आणि नखरे या दोन तक्रारी वेगळ्या न मानता एकत्रच हाताळाव्यात आणि ‘हे पिल्लू हट्टी आहे’ हा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा.

आधी पाहायचे ते हे, की वाट पाहण्याइतका वेळ हाताशी आहे का. पोटाला आराम मिळावा म्हणून मोठ्या माणसाने लंघन करणे वेगळे. पिल्लाला उपाशी ठेवू नये, कारण त्याच्या शरीरात साखरेचा साठा फार थोडा असतो. दोन महिन्यांच्या आतले पिल्लू बारा तासांत काहीच खात नसेल, वारंवार उलट्या करत असेल, विष्ठेत रक्त दिसत असेल, पंजे गार लागत असतील किंवा हिरड्या बोटाला चिकट जाणवत असतील, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. लसीकरण न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि जुलाब एकदम सुरू होऊन ते मलूल झाले, तर पॅनल्यूकोपेनिया या विषाणूजन्य आजाराची शंका घ्यावी लागते आणि तिथे एका रात्रीचा उशीरही जिवावर बेतू शकतो.

पिल्लू खेळते आहे, डोळे तरतरीत आहेत, केवळ विष्ठा पातळ आहे, असे असेल तर प्रथम गाई-म्हशीचे दूध बंद करावे. मांजर आणि दुधाची वाटी ही जोडी आपल्या मनात इतकी पक्की आहे, की हा सल्ला घरातल्या ज्येष्ठांना सहसा पटत नाही. पण दुधातली साखर पचवण्याची क्षमता आईचे दूध सुटल्यावर कमी होत जाते आणि न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब घडवते. चार आठवड्यांच्या आतल्या अनाथ पिल्लासाठी मांजराच्या पिल्लांकरिता बनवलेली दूध पावडर मिळते, तीच वापरावी.

दुसरा संशयित म्हणजे जंत. गोल जंत आईच्या दुधातूनच पिल्लात येतात, म्हणून घराबाहेर न पडलेल्या पिल्लालाही ते असू शकतात. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र टम्म, हे त्यांचे नेहमीचे लक्षण आहे. जंतांचे औषध साधारणपणे दोन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा दिले जाते, मात्र मात्रा वजनावर ठरत असल्याने ती पशुवैद्याकडूनच घ्यावी. शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखे काही चिकटलेले दिसले तर ते पट्टकृमीचे तुकडे असतात. ते पिसवांमार्फत येतात, त्यामुळे पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो. औषधानंतरही जुलाब थांबले नाहीत, तर जिआर्डिया आणि कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींसाठी विष्ठेची तपासणी करून घ्यावी.

नखऱ्यांचा निवाडा स्वयंपाकघरातला वजनकाटा करतो. दोन महिन्यांचे पिल्लू साधारण ८०० ग्रॅम ते १ किलो भरते आणि रोज सुमारे १० ते १५ ग्रॅमने वाढते. रोज ठरावीक वेळी पिल्लाला एका भांड्यात बसवून वजन वहीत लिहावे. वजन वाढत असेल तर नाक मुरडण्याची फारशी चिंता नको. दोन-तीन दिवस ते वाढले नाही किंवा घटले, तर ते नखरे नव्हेत.

खाद्य एकच ठेवावे, पिल्लांसाठीचे, आणि ते दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे. मांजर वासावर खाते. म्हणून फ्रिजमधले ओले खाद्य तसेच न देता थोडे कोमट पाणी घालून, बोटाला उबदार लागेल इतपत करून, पसरट बशीत वाढावे आणि बशी लिटर ट्रेपासून दूर ठेवावी. नाक चोंदले असेल तर ते आधी ओल्या कोमट कापसाने पुसावे. अर्ध्या तासात न संपलेले उचलावे, मात्र लगेच दुसरा पदार्थ पुढे करू नये. जबरदस्तीने तोंडात कोंबलेल्या खाद्याचा पिल्लू पुढे कायमचा तिटकारा करू शकते. खाद्य बदलायचेच असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत पाव भाग नवे, मग निम्मे, मग पाऊण, असे करत सात ते दहा दिवस घ्यावेत. नुसते चिकन-भात एक-दोन दिवसांपुरते चालते, पण त्यात कॅल्शियम अपुरे पडते. कुत्र्याच्या खाद्यात मांजराला लागणारे टॉरिन हे पोषकद्रव्य पुरेसे असेलच असे नाही. आणि सुकट-बोंबिलाच्या खारट चवीची चटक लागली की इतर काही गळी उतरवणे अवघड होते.

घरातली जुलाब थांबवण्याची गोळी पिल्लाला कधीही देऊ नये, आणि पॅरासिटामॉल तर मांजराला प्राणघातक आहे. गुदद्वारातून किंवा जिभेखालून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये, कारण आत अडकलेला दोरा आतडे कापू शकतो. दवाखान्यात जाताना त्याच दिवशीची विष्ठा स्वच्छ डबीत, वजनांची वही आणि खाद्याच्या पाकिटाचा फोटो सोबत न्यावा.