बर्फ वितळल्यावर लॉनवर करड्या चकत्या, शेवटी काय लागू पडलं (माझा अनुभव)

बर्फ वितळला की लॉनवर गोल करड्या चकत्या दिसायच्या, गवत ओल्या लोकरीसारखं जमिनीला चिकटलेलं. युरिया टाकला, बुरशीनाशक मारलं, फरक शून्य, जाम वैतागलो होतो. ही बर्फाखाली वाढणारी बुरशी, ऊन-वारा लागला की आपोआप थांबते, त्यामुळे वसंतात औषध मारून फायदा नाही.

आधी माती पाय रुतणार नाही इतकी सुकू दिली, मग पानं गोळा करायच्या हलक्या दाताळ्याने चिकटलेलं गवत उचलून मोकळं केलं (जोर लावू नका, जिवंत मुळंही उपटतात), मेलेलं सगळं काढून टाकलं. मातीचं तापमान १० अंश सेल्सियसच्या वर गेल्यावर उघड्या जागी थंड हवामानात वाढणाऱ्या गवताचं बी, वर कंपोस्टचा पातळ थर, आणि उगवेपर्यंत माती ओलसर. युरिया मात्र गवत नीट हिरवं होऊन वाढायला लागल्यावरच.