खासदारांना मेल करायचाय, पण पत्ता?

आपला मतदारसंघ नक्की कोणता, इथेच बरेच जण अडकतात.

१. मतदार ओळखपत्राचा क्रमांक निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर टाका. विधानसभा आणि लोकसभा, दोन्ही मतदारसंघ कळतात.

२. 'संसद डॉट इन'वर लोकसभा सदस्यांच्या यादीत आपलं राज्य शोधा (महाराष्ट्राचे ४८, गोव्याचे २). नावावर टिचकी मारली की ईमेल आणि पत्ता मिळतो.

३. मेलच्या विषयातच गाव आणि काम लिहा. एका मेलमध्ये एकच काम. आधीच्या तक्रारीचा क्रमांक असेल तर जरूर द्या; त्याशिवाय 'तक्रार केली होती' याला फारसं वजन येत नाही.

तुंबलेलं गटार, बंद पथदिवा यासाठी मात्र नगरसेवक किंवा ग्रामपंचायतच गाठा. आणि आधारची प्रत जोडू नका.