मूळव्याधीचं मलम: लावायचं कसं, थांबायचं कधी

मलमाने मूळव्याधीचा कोंब जात नाही. आग, खाज आणि ठणका कमी होतो. मात्र त्यासाठीही ते नीट लावावं लागतं.

शौचानंतर साध्या पाण्याने धुवा, साबण नको. मग पसरट टबात कोमट पाणी घेऊन १०-१५ मिनिटं बसा. पाणी मनगटाला ऊबदार लागावं, चटका बसू नये. त्यात जंतुनाशक घालू नका, आग वाढते. नंतर मऊ सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका. कातडी ओली असताना मलम लावलं तर खाली ओल अडकते आणि खाज दुप्पट होते.

बाहेरून लावायला वाटाण्याएवढं मलम पुरे. थापू नका, पातळ थर द्या. आत सोडायचं असेल तर ट्यूबला नळी घट्ट बसवा, थोडं मलम दाबून बाहेर काढा आणि तेच नळीच्या टोकाला चोळा. कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्या, श्वास सोडत नळी हळूहळू सरकवा. कोरडी नळी खुपसली की आतलं नाजूक अस्तर खरचटून रक्त येतं. वापरानंतर नळी आणि हात स्वच्छ धुवा.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचाच. लिडोकेन जागा बधिर करतं, झिंक ऑक्साइड कातडीवर संरक्षक थर धरतं. हायड्रोकॉर्टिसोनने सूज उतरते, पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ७ दिवसांवर लावू नका. कातडी पातळ होते. बरं वाटतं म्हणून महिनोन्‌महिने तीच ट्यूब लावत राहणं फार महागात पडतं. गरोदरपणात आधी डॉक्टरांना विचारा.

शौचाला खडा होत असेल तर मलम हरतं. रात्री ग्लासभर पाण्यात दोन चहाचे चमचे इसबगोल ढवळून लगेच प्या, वर आणखी एक ग्लास पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोलच पोटात घट्ट होऊन बसतं. संडासात पाच मिनिटांवर बसू नका, कुंथू नका. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या.

शौचाच्या वेळी कापल्यासारखं दुखून नंतरही बराच वेळ आग होत राहिली, तर ती बहुधा गुदद्वाराची चीर असते; तिचं मलम वेगळं. अचानक निळसर, टणक गाठ येऊन बसवेनासं झालं तर लगेच सर्जनला दाखवा. गाठीतलं गोठलेलं रक्त काढण्याचा खरा फायदा पहिल्या ७२ तासांत होतो. शौच काळी होणं, वजन घटणं, किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर मूळव्याधच असेल असं धरून चालू नका, तपासून घ्या.